टिपणाची ओळ आणि विचाराचा नकाशा

अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी आज आपणांस जी निश्चित माहिती आहे, ती मुख्यत्वे दोन भिन्न जातींच्या नोंदींतून आलेली आहे. पहिली नोंद खुद्द मंदिरातच कोरलेल्या शिलालेखाची असून, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आणि शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव या दोन्ही गोष्टी त्या मोजक्या ओळींमुळेच सांगता येतात. दुसरी नोंद पुष्कळ अलीकडची आहे. इ. स. १८६८ मध्ये मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे एक पथक अंबरनाथास धाडून मंदिराची मोजमापासह रेखाटने करविली आणि शिल्पांचे साचे घेतले. शिलालेख वाचून मंदिर कोणाच्या कारकिर्दीत झाले हे कळते. परंतु सभामंडप आणि गाभारा परस्परांशी कसे जोडलेले आहेत, गाभाऱ्यात शिरताना पायऱ्या चढाव्या न लागता उतराव्या कशा लागतात, आणि मंदिराच्या बाह्यांगाचे असंख्य कोन एका मूळ आकृतीतून कसे फुटत गेले आहेत, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. रेखाटनावरून ते सारे एका दृष्टिक्षेपात उमगते. मात्र कितीही बारकाईने काढलेल्या रेखाटनातून शक निघत नाही की राजाचे नाव निघत नाही.

अध्ययनाच्या क्षेत्रात अलीकडे जो एक वाद वारंवार कानी पडतो, त्याचे स्वरूप या दोन नोंदींवरून चांगले ध्यानात येते. वहीच्या डाव्या समासापासून उजवीकडे, एकाखाली एक ओळी लिहीत जाणे ही टिपण घेण्याची परंपरागत रीत. आणि कोऱ्या कागदाच्या मध्यभागी मुख्य विषय मांडून त्यापासून चोहोबाजूंनी शाखा, उपशाखा काढीत जाणे ही ‘माइंड मॅप’ या नावाने प्रसिद्धी पावलेली दुसरी रीत. नव्या रीतीचे पुरस्कर्ते म्हणतात की ओळीत लिहिणे हे मनाला साखळदंड घालण्यासारखे आहे. जुन्या रीतीत वाढलेल्या पुष्कळ शिक्षकांना रंगीत शाखांचा तो पसारा अभ्यासापेक्षा चित्रकलेच्या तासाला शोभणारा वाटतो. माझ्या मते दोन्ही पक्षांनी प्रश्नच चुकीचा मांडला आहे, कारण या दोन रीतींची कामे वेगळी आहेत, त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत, आणि एकीचे काम दुसरीकडून करवून घेऊ गेल्यास विद्यार्थ्याचे श्रम व्यर्थ जातात.

माइंड मॅपला हे नाव आणि ही कीर्ती मिळवून दिली ती टोनी बुझान या इंग्रज लेखकाने. १९७४ साली बीबीसीवरील त्याच्या दूरचित्रवाणी मालिकेने आणि तिच्यासोबतच्या पुस्तकाने हे तंत्र घरोघरी नेले. कागद आडवा धरावा, मध्यभागी शब्दाऐवजी चित्र काढावे, प्रत्येक शाखेवर शक्यतो एकच शब्द लिहावा, शाखांना वेगवेगळे रंग द्यावेत, असे त्याचे नियम आहेत. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्धगोलांविषयी त्याने जे दावे केले, ते शास्त्राच्या कसोटीवर फारसे टिकलेले नाहीत, हे येथेच सांगितलेले बरे. तथापि स्पष्टीकरण कच्चे असले म्हणून साधन निकामी ठरत नाही. आणि साधन तर बुझानच्या फार आधीचे आहे. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी या तत्त्वज्ञाच्या वर्गीकरणावरून मध्ययुगीन युरोपात जो वृक्ष रेखाटला जात असे, तो याच कुळातला. विशेष गोष्ट अशी की अमेरिकेतील कॉर्नेल या एकाच विद्यापीठात या दोन्ही रीतींची विचारपूर्वक घडण झाली. वॉल्टर पॉक या अध्यापकाने ओळींच्या टिपणाला शिस्त लावली. पानाचा उजवा रुंद भाग टिपणासाठी, डावा अरुंद स्तंभ सूचक शब्दांसाठी आणि तळची पट्टी सारांशासाठी, अशी ती मांडणी होती. उजवा भाग हाताने झाकून केवळ डाव्या शब्दांवरून सगळा मजकूर आठवावयाचा, हे तिचे मर्म. जोसेफ नोवॅक याने मुलांना विज्ञानाच्या कल्पना कितपत उमगल्या हे तपासता तपासता १९७२ च्या सुमारास संकल्पनाचित्र घडविले, आणि त्यात दोन कल्पनांना जोडणाऱ्या प्रत्येक रेषेवर ‘मुळे होते’, ‘चा भाग आहे’, ‘वर अवलंबून आहे’ असे संबंधदर्शक शब्द लिहिण्याचा आग्रह धरला. हा आग्रह किती मोलाचा आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

आपल्याकडे या द्वैताची उत्तम जाण होती, आणि ती पंडितांपेक्षा कारकुनांना अधिक होती. मराठी दफ्तरांत हिशेबाची पहिली नोंद रोजकीर्दीत होई. ज्या दिवशी जो व्यवहार घडला तो त्याच दिवसाखाली, घडला त्याच क्रमाने, मोडीच्या न तुटणाऱ्या धावत्या ओळीत उतरवावयाचा. त्या वेळी त्याचे वर्गीकरण करीत बसावयाचे नाही, कारण हात थांबला की नोंद निसटली. मागाहून निवांतपणे त्याच नोंदी खतावणीत खात्याखात्याने वाटून घातल्या जात, आणि तेव्हाच कोणाकडे किती येणे आहे, कोणती बाब वाढत चालली आहे, हे फडावर कळू शके. रोजकीर्दीवाचून खतावणी निराधार आणि खतावणीवाचून रोजकीर्द मुकी, हे त्या कारकुनांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. एवढेच नव्हे, तर एकूण रक्कम माथ्यावर लिहून तिच्याखाली ‘पैकी’ आणि ‘बितपशील’ म्हणून पोटबाबी उतरत्या मांडण्याची जी वहिवाट जुन्या जमाखर्चांत दिसते, ती शाखांच्या आकृतीपासून फार दूर नाही. वतनाच्या तंट्यांत रुजू होणाऱ्या वंशावळी तर उघडच आकृतिरूप असत. मूळ पुरुषापासून चौथ्या पिढीतील चुलत भावांचे नाते ओळीत सांगू लागले तर ऐकणारा तिसऱ्या वाक्यालाच गोंधळतो. तेच मूळ पुरुषाखाली फांद्या पाडून दाखविले की अशिक्षित पंचालाही हक्क कोणाचा ते समजते.

रोजकीर्द आणि खतावणी यांचा हा संबंध मला टिपणे आणि माइंड मॅप यांना तंतोतंत लागू पडतो असे वाटते. व्याख्यान चालू असता किंवा पुस्तक प्रथमच वाचीत असता विषयाच्या शाखा कोणत्या हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते तर त्याला व्याख्यान ऐकण्याचे प्रयोजनच काय? त्या वेळी ओळीत लिहिणे हेच स्वाभाविक. माइंड मॅपची वेळ त्यानंतर येते.

हे केवळ तत्त्वरूपाने सांगण्यापेक्षा एका स्थानिक विषयावर करून पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसराचा इतिहास एखाद्या विद्यार्थ्याने निरनिराळ्या पुस्तकांतून वहीत उतरविला, तर ओळींचा क्रम साधारणपणे असा लागेल. १०६० साली अंबरनाथचे मंदिर. १८५४ साली मुंबईची रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि तेथून घाटाच्या रोखाने पुढे सरकली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अंबरनाथला काड्यापेट्यांचा विमको कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभी राहिली. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची कोनशिला बसून ती उल्हासनगर झाली. १९५३ साली अंबरनाथला संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला. पुढे रासायनिक कारखाने वाढले, उल्हासनगरात जीन्सचे कपडे शिवण्याचा आणि रंगविण्याचा धंदा फोफावला. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर वालधुनी नदीत टँकरमधून ओतलेल्या रसायनांचा विषारी वायू पसरून उल्हासनगरातील शेकडो माणसे रुग्णालयात पोहोचली. प्रत्येक ओळ खरी आहे, क्रमही बिनचूक आहे. परंतु पहिल्या ओळीचा शेवटच्या ओळीशी काही संबंध असेल अशी शंकासुद्धा ही यादी वाचणाऱ्याच्या मनात येणार नाही.

आता त्याच विद्यार्थ्याने वही मिटून कोऱ्या कागदाच्या मध्यभागी ‘वालधुनी’ एवढाच शब्द लिहावा. काकोळ्याच्या डोंगराळ भागातून ही नदी निघते, म्हणून एक शाखा तेथील रेल्वेच्या जुन्या जी. आय. पी. धरणाकडे जाईल, वाफेच्या एंजिनांना पाणी लागे, म्हणून त्या शाखेला रेल्वेची उपशाखा फुटेल. दुसरी शाखा मंदिराकडे, कारण ते याच नदीच्या काठी आहे. तिसरी अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांकडे, चौथी उल्हासनगरच्या छावणीकडे आणि तिच्यातून जीन्सच्या रंगाईकडे, पाचवी विठ्ठलवाडी व कल्याणवरून उल्हास नदीच्या खाडीकडे. यादीत एकमेकींपासून शतकांनी दूर असलेल्या सहा-सात बाबी एका प्रवाहाच्या काठावर येऊन बसतात. मंदिराच्या पायथ्याशी वाहणारे पाणी आणि रुग्णालयात पोहोचलेली माणसे यांच्यामध्ये एकच नदी आहे, हे ज्ञान वहीच्या कोणत्याही ओळीत नव्हते. ते आकृती काढताना उत्पन्न झाले. उल्हास नदीला मध्यभागी घेऊन बदलापूरचा नकाशा काढला तर हाच अनुभव येतो. खंडाळ्याच्या बाजूने येणारा मूळ प्रवाह, भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले आंध्रा खोऱ्याचे पाणी घेऊन मिळणारी पेज, औद्योगिक विकास महामंडळाचे धरण पोटात असलेली बारवी, आणि खाली काळू व भातसा, अशा उपनद्या जागच्या जागी बसतात, आणि बदलापूरच्या नळाला येणारे पाणी एका डोंगराचे नाही हे ध्यानात येते.

असे का होते, याचे कारण मनाच्या एका मर्यादेत आहे. एका वेळी मनासमोर धरून ठेवता येणाऱ्या सुट्या बाबींची संख्या फार थोडी असते. जॉर्ज मिलर याने १९५६ मध्ये ती सातच्या आसपास सांगितली, नेल्सन कोवन याने २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. दहा-बारा ओळींची यादी या मर्यादेबाहेर जाते, म्हणून वाचणारा एकेक ओळ हाताळतो आणि मागची सोडून देतो. कागदावर पसरलेली आकृती हा भार डोळ्यांवर सोपविते. बाबी कागद सांभाळतो आणि मन त्यांच्यातील संबंध शोधण्यास मोकळे राहते.

पण वालधुनीच्या आकृतीकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहिले पाहिजे. तिच्यात मंदिर आणि जीन्सची रंगाई समोरासमोर, सारख्याच जाडीच्या शाखांवर बसली आहेत. त्यांच्यात जवळजवळ साडेनऊशे वर्षांचे अंतर आहे हे आकृती सांगत नाही. छावणीपासून रंगाईपर्यंत एक रेषा गेली आहे. परंतु सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनी बराकींत लहान उद्योग कसे सुरू केले, त्यांतून वस्त्रव्यवसाय कसा वाढला, सांडपाण्याची सोय आधी का झाली नाही, आणि दोष धंद्याचा किती व व्यवस्थेचा किती, यांतले काहीही त्या रेषेत मावत नाही. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘जर’, ‘अन्यथा’, ‘बहुधा’ ही अव्यये म्हणजे विचाराचे सांधे होत, आणि शाखेवर एकच शब्द लिहिण्याच्या नियमाने सर्वांत आधी तेच गळून पडतात. गणितातील सिद्धता, कायद्याचे कलम, तत्त्वज्ञानातील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही सारी सांध्यांवरच उभी असतात, म्हणून त्यांना ओळ लागते. नोवॅकने रेषांवर संबंधदर्शक शब्द लिहावयास लावले ते याचसाठी; त्यामुळे आकृतीची हानी काही अंशी भरून निघते, पुरती नव्हे.

प्रयोगांचा निर्वाळाही असाच संमिश्र आहे. २००२ मध्ये लंडनच्या ५० वैद्यकीय विद्यार्थ्यांना सुमारे ६०० शब्दांचा उतारा देऊन, निम्म्यांना माइंड मॅपने आणि निम्म्यांना आपापल्या पसंतीच्या पद्धतीने तो अभ्यासावयास सांगितले, तेव्हा आठवड्यानंतर माइंड मॅप काढणाऱ्यांच्या स्मरणात सुमारे दहा टक्क्यांची वाढ टिकून असल्याचे आढळले. मात्र त्यांचा या पद्धतीविषयीचा उत्साह दुसऱ्या गटापेक्षा कमीच होता. याहून अधिक विचार करावयास लावणारा प्रयोग अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या कार्पिकी आणि ब्लंट यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर उघडा ठेवून त्याचे संकल्पनाचित्र काढले. काहींनी मजकूर वाचून तो बाजूला सारला आणि जे आठवेल ते साध्या ओळींत लिहिले, पुन्हा वाचले, पुन्हा लिहिले. आठवड्यानंतरच्या परीक्षेत दुसरा गट स्पष्टपणे सरस ठरला, आणि संकल्पनाचित्रच काढून दाखवावयास लावलेल्या परीक्षेतही तोच सरस ठरला. एवढ्यावरून आकृतीचा पराभव झाला असे समजण्याचे कारण नाही; कारण त्याच संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले की पुस्तक मिटून, आठवणीतून आकृती काढली, तर तिचा लाभ आठवणीतून लिहिलेल्या परिच्छेदाइतकाच होतो. निर्णायक गोष्ट ओळ किंवा शाखा ही नसून पुस्तक उघडे आहे की मिटलेले, ही आहे. पॉकने उजवा भाग झाकावयास सांगितले होते ते उगाच नव्हे.

या निष्कर्षाच्या उजेडात आपल्या शाळांकडे पाहिले असता मला मनापासून खंत वाटते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’, ‘ओघतक्ता तयार करा’, ‘आकृती पूर्ण करा’ हे स्वाध्याय आता सर्वत्र दिसतात, आणि भाषेच्या प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. पाठांतरापलीकडे मुलाने जावे हा त्यामागचा हेतू निःसंशय थोर आहे. परंतु मध्यभागी एक छापील चौकट आणि तिच्याभोवती चार रिकाम्या चौकटी दिल्या की शाखा किती, त्या कोठून निघाव्यात, कोणती मुख्य आणि कोणती गौण, हे सर्व निर्णय मुलाच्या आधी दुसऱ्या कोणी करून टाकलेले असतात. उरते ते उताऱ्यातून चार शब्द वेचून चौकटींत बसविणे. बाजारातील मार्गदर्शकांत त्या चौकटी भरूनच मिळतात, तेव्हा तेवढेही उरत नाही. वालधुनीच्या उदाहरणात जो लाभ झाला तो मध्यभागी काय ठेवावे हे ठरविण्यात होता. छापील आकृती नेमका तोच काढून घेते. आठवड्यातून एक तास तरी मुलांच्या पुढे केवळ कोरा कागद ठेवावा आणि एकाच पाठाच्या वीस निरनिराळ्या आकृत्या निघाल्या तर त्यांतील भेदांवर वर्गात चर्चा व्हावी, असे मी शिक्षकांना आग्रहाने सुचवीन.

उल्हासनगरसारख्या गावी आकृतीचा आणखी एक उपयोग आहे. घरी सिंधी, रस्त्यावर हिंदी, कचेरीत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा चार भाषांतून वावरणाऱ्या मुलाला एखादी कल्पना समजलेली असूनही वाक्य जुळविता येत नाही, असे पुष्कळदा घडते. त्याच्या आकृतीत तीन भाषांचे शब्द शेजारी शेजारी बसले तरी बिघडत नाही, कारण संबंध रेषेने दाखविलेला असतो. पण पुढे त्याला वाक्यावर यावेच लागते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीने घेण्याचे लोकसेवा आयोगाने ठरविल्यावर, बदलापूर-अंबरनाथच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या उमेदवारांना हे निराळे सांगावयास नको. उत्तरपत्रिकेत रंगीत शाखा तपासणाऱ्यापुढे युक्तिवाद मांडू शकत नाहीत. कर्जत लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला तर कागद आडवा पसरण्याची सोयच नसते. त्याने गाडीत वहीतील ओळी वाचाव्यात, आणि घरी पोहोचल्यावर वही पिशवीतून न काढता आकृती काढावी. मग वही उघडून ताळा घ्यावा, जे सुटले ते लाल शाईने भरावे, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याने त्या लाल शाखांपासून सुरुवात करावी.

ताळा घेताना काही शाखा अशाही निघतील की ज्यांचा मजकूर वहीतही नाही. वालधुनीच्या आकृतीत छावणी आणि जीन्सची रंगाई यांना जोडणारी रेषा अशीच उघडी राहते: पहिले शिलाईयंत्र कोणत्या बराकीत आले, रंगाईची पहिली टाकी कोणी बांधली, त्या वेळी नदीचे पाणी कसे होते. पुस्तकांत याची नोंद अत्यल्प आहे. परंतु कॅम्प क्रमांक एकपासून पाचपर्यंतच्या गल्ल्यांत हे पाहिलेली वृद्ध माणसे अद्याप आहेत. विद्यार्थ्याने त्यांच्याकडे जावे, आणि जाताना आकृती घरी ठेवून ओळींची वही बरोबर न्यावी, कारण माणसे जशी सांगतील त्याच क्रमाने ते उतरवून घ्यावयाचे आहे.